पुन्हा उघडलेला खुबा : एका शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या फेरीचा इतिहास

‘खुबा बदलला’ हे वाक्य आता आपल्याकडे कुणाला नवं राहिलेलं नाही. कुणाच्या आजीचा बदललेला असतो, कुणाच्या शेजारच्या काकांचा असतो, रक्तपुरवठा बंद पडून हाड खचल्यामुळे एखाद्या तिशीतल्या मुलाचाही असतो. माणसं चार दिवसांत काठी घेऊन चालत घरी येतात, रात्रीचं दुखणं थांबतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २००७ साली या शस्त्रक्रियेला ‘शतकाची शस्त्रक्रिया’ असा किताब दिला, आणि तो फारसा कुणी खोडून काढला नाही.

हा इतिहास सांगताना सहसा यशाची बाजू सांगितली जाते. मी आज दुसरी बाजू सांगणार आहे. बसवलेला सांधा कायमचा नसतो. तो सैल होतो, झिजतो, निखळतो, कधी त्यात जंतू शिरतात, कधी त्याच्या भोवतीचं हाड मोडतं. मग तोच खुबा पुन्हा उघडावा लागतो. डॉक्टर याला ‘रिव्हिजन’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘फेररोपण’ म्हणू. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्येच वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यानुसार पहिल्यांदा बसवलेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. आकडा चांगलाच आहे. पण पंचेचाळिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या नजरेनं तो वाचा. त्याला हातात उरलेले ४२ टक्के दिसतात.

आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. पुन्हा आत शिरायचं ते कोणत्या वाटेनं? आणि त्या वाटेचा माणसाच्या पुढच्या चालण्यावर परिणाम काय होतो? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला शल्यविशारदांना जवळजवळ साठ वर्षं लागली आहेत, आणि काम अजून संपलेलं नाही.

सांध्यापर्यंतच्या वाटा

आधी थोडं शरीर समजून घेऊ. खुबा हा उखळी सांधा. कमरेच्या हाडात एक वाटी आहे, मांडीच्या हाडाचा गोल माथा त्या वाटीत फिरतो. हा सांधा शरीरात फार खोल आहे. गुडघा कातडीखाली हाताला लागतो, खुबा लागत नाही. त्याच्या चहूबाजूंनी जाड स्नायू आहेत. तुम्ही बाजूनं मांडीवर हात ठेवलात तर जो हाडाचा उंचवटा लागतो, तो ट्रोकँटर. नितंबाचा एक महत्त्वाचा स्नायू, ग्लुटियस मीडियस, त्या उंचवट्याला येऊन चिकटतो. आपण चालताना एक पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा हा स्नायू कंबर सरळ धरून ठेवतो. तो दुबळा झाला की माणूस लचकत चालतो. हा स्नायू आणि हा उंचवटा लक्षात ठेवा. आजची निम्मी गोष्ट त्यांचीच आहे.

आत जायच्या मुख्य वाटा तीन दिशांनी येतात. मागून येणारी वाट जर्मन शल्यविशारद लांगेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केली, स्विस शल्यविशारद कोखर यांनी ती वाढवली. पुढून येणारी वाट बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी ती १९१७ साली मांडली. पुढून आणि बाजूनं अशी मधली वाट इंग्लंडच्या वॉटसन-जोन्स यांची, १९३६ची. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाचे ऑस्टिन मूर यांनी १९५०च्या दशकात मागच्या वाटेला आपलं रूप दिलं आणि तिला ‘दक्षिणेची वाट’ म्हटलं.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या बहुतेक वाटा कृत्रिम खुब्यासाठी शोधलेल्या नव्हत्याच. क्षयानं सडलेला सांधा साफ करणं, पू काढणं, मोडलेलं हाड जुळवणं यासाठी त्या होत्या. कृत्रिम सांधा नंतर आला आणि त्यानं या जुन्या वाटा उसन्या घेतल्या. एकदा आत जाऊन परत यायचं, एवढाच त्या वाटांचा हिशेब होता. पंधरा वर्षांनी त्याच जागी, त्याच व्रणातून, वळून बसलेल्या मांसातून पुन्हा जायचं आहे, हा विचार त्यात कुठेच नव्हता.

राइटिंग्टनचा धडा

आधुनिक खुब्याचा जन्म झाला तो इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात. हे मुळात क्षयाचं रुग्णालय. तिथे जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी एक कल्पना लढवली. धातूचा लहान गोळा आणि त्याच्यासाठी घसरणाऱ्या प्लास्टिकची वाटी, म्हणजे घर्षण कमीत कमी. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडलं. सुरुवातीचे निकाल उत्तम आले. १९६१ साली त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये छापले.

आणि मग टेफ्लॉन झिजायला लागलं. नुसतं झिजलं असतं तर एक वेळ चाललं असतं. झिजलेल्या कणांनी सांध्याभोवती सूज आणि गाठी तयार केल्या, सांधे सैल झाले. असे सुमारे ३०० रुग्ण होते. फेररोपणाचा पहिला मोठा अध्याय इथे सुरू होतो असं मला वाटतं. ज्या माणसानं हे सांधे बसवले, त्यानंच ते पुन्हा उघडले, काढले, बदलले. टेफ्लॉनचे कण खरंच एवढे घातक आहेत का, हे पाहायला चार्नली यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. तिथेही गाठ आली.

१९६२ साली त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांच्या हाती पॉलिथिलीनचा एक नवा प्रकार आला. चार्नली यांना आधी तो पसंत नव्हता. क्रेव्हन यांनी तरीही तो यंत्रावर घासून पाहिला, आणि टेफ्लॉनच्या मानानं तो झिजतच नव्हता म्हटलं तरी चालेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या पदार्थाची पहिली वाटी रुग्णाला बसवली गेली. गोळ्याचा व्यास २२.२२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे सात अष्टमांश.

टेफ्लॉनच्या अनुभवानंतर चार्नली सावध झाले. पुढची काही वर्षं त्यांनी हा सांधा बाजारात खुला केला नाही; राइटिंग्टनला येऊन शिकलेल्या शल्यविशारदांनाच तो मिळत असे. रुग्णांची नोंद ते वर्षानुवर्षं ठेवत. मृत्यूनंतर सांधा तपासायला परत द्यावा, अशी परवानगीही ते रुग्णांकडून मागत. आणि कितीतरी जणांनी ती दिली. आपण यंत्राचं श्रेय शोधकाला देतो. त्या लँकेशायरच्या कामगार, गृहिणी, पेन्शनर मंडळींचं श्रेय कुणी मोजत नाही. सांधा किती टिकतो हे जगाला कळलं, ते त्यांच्यामुळे.

आता वाटेकडे येऊ. चार्नली खुब्यात शिरत ते बाजूनं, आणि ट्रोकँटरचा उंचवटा कापून, त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट वर उचलून. सांधा असा उघडला की सगळं लख्ख दिसतं. काम झालं की तो तुकडा तारांनी परत बांधायचा, थोडा बाहेर सरकवून, म्हणजे स्नायूला जास्त जोर मिळतो. कागदावर ही योजना फार सुंदर होती. प्रत्यक्षात काही रुग्णांत तो तुकडा जुळेना. तारा तुटत, टोचत, तुकडा वर ओढला जाई आणि माणूस लचकत चाले. पहिल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण थोडं होतं. दुसऱ्या शस्त्रक्रियेत, जिथे हाड आधीच पातळ आणि रक्तपुरवठा आधीच कमी, तिथे ते वाढत गेलं.

म्हणून पुढच्या पिढीनं ट्रोकँटर कापणं सोडलं. चार्नली यांचं निधन झालं त्याच वर्षी, १९८२ साली, राइटिंग्टनच्याच केव्हिन हार्डिंज यांनी बाजूची एक नवी वाट प्रसिद्ध केली. हाड न कापता स्नायूचा पुढचा भाग अलगद सोडवायचा आणि नंतर शिवायचा. अमेरिकेत मागच्या वाटेचा प्रसार झाला. ट्रोकँटर कापणं हा जुना, अवजड प्रकार ठरला. असं वाटलं की तो अध्याय संपला.

हाड कोण खातं?

१९७०च्या दशकात एक्स-रेवर एक विचित्र चित्र दिसू लागलं. बसवलेल्या सांध्याभोवतीचं हाड जागोजागी नाहीसं होत होतं, वाळवीनं खाल्ल्यासारखं. बॉस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी १९७६ साली असे रुग्ण प्रसिद्ध केले. त्याच सुमारास विलर्ट आणि सेमलिच यांनी झिजलेल्या कणांना शरीर कसं उत्तर देतं याची मांडणी केली. तरीही बराच काळ दोष सिमेंटवर ढकलला गेला. १९८७ साली तर याला ‘सिमेंटचा रोग’ असं नावच मिळालं.

त्या समजुतीतून विनासिमेंट सांधे आले. त्यांचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र. हाड त्यात वाढून धरून ठेवतं. हे सांधे पक्के बसले. आणि काही वर्षांनी त्यांच्याभोवतीही हाड खाल्लं जाऊ लागलं! सिमेंट नव्हतं, तरी रोग होता. तेव्हा कुठे खरा दोषी सर्वमान्य झाला. पॉलिथिलीनचे अतिसूक्ष्म कण, त्यांना गिळायला येणाऱ्या पेशी, आणि त्या पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे विरघळणारं हाड. टेफ्लॉननं जे झपाट्यानं दाखवलं होतं, तेच पॉलिथिलीननं पंधरा वर्षं घेऊन दाखवलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीला किरणोत्साराचा मारा करून जास्त घट्ट बांधणीचं पॉलिथिलीन आलं आणि ही झीज फार कमी झाली.

पण तोपर्यंत फेररोपणाची लाट आलेली होती. आणि शल्यविशारदांपुढे दोन उलट्या अडचणी होत्या. काही रुग्णांत सांधा सैल, पण हाड उरलेलंच नाही. काहींत वाटी झिजलेली, पण मांडीतला धातूचा दांडा हाडाशी असा एकजीव झालेला की निघता निघत नाही.

कापलेलं हाड परत आलं

मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक-दीड वीत खोल सिमेंट भरलेलं आहे, आणि ते तुम्हाला वरच्या टोकानं काढायचं आहे, असं समजा. हातात लांब छिन्न्या, ड्रिल, चिमटे. आत नीट दिसत नाही. हाड अंड्याच्या कवचासारखं पातळ झालेलं. छिन्नी थोडी तिरकी गेली की हाडाच्या भिंतीला भोक. विहिरीच्या तळाशी घट्ट बसलेला दगड काठावरून काढायचा, आणि विहिरीची भिंत मातीची, असं हे काम. तासन्‌तास चाले, रक्त जाई, हाड फुटे.

जर्मनीच्या हाइन्झ वॅगनर यांनी १९८०च्या दशकात वेगळा विचार केला. हाड चुकून फुटणारच असेल, तर आपणच ते नीट, हवं तिथे का उघडू नये? त्यांनी मांडीचं हाड लांबीनं उघडायची पद्धत मांडली आणि त्यासोबत एक लांब, निमुळता, उभ्या कडांचा दांडा तयार केला. हा दांडा वरच्या खराब हाडावर विसंबत नाही, खालच्या चांगल्या हाडात पाचरीसारखा बसतो.

शिकागोच्या वेन पाप्रॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली या विचाराला आज सर्वत्र वापरलं जाणारं रूप दिलं. ट्रोकँटरपासून खाली, हाडाच्या बाहेरच्या बाजूचा साधारण एक तृतीयांश घेराचा, बारा-पंधरा सेंटिमीटर लांब तुकडा कापायचा. तो मांसापासून सोडवायचा नाही. वर ग्लुटियस मीडियस, खाली मांडीचा बाहेरचा स्नायू, दोन्ही त्याला चिकटलेलेच ठेवायचे आणि दाराच्या फळीसारखा तो उघडायचा. आतलं सिमेंट किंवा दांडा डोळ्यांसमोर येतो. काम झालं की फळी लावायची आणि तारांनी किंवा केबलनं बांधायची.

म्हणजे चार्नली यांचा ट्रोकँटर परत आला, फक्त जास्त लांब होऊन! मग तो आता जुळतो कसा? इथे यांत्रिकीची गंमत आहे. चार्नली यांचा तुकडा लहान होता आणि त्याला फक्त वरचा स्नायू ओढत होता. खालून कुणी धरलेलं नव्हतं, त्यामुळे तो वर पळायचा. नव्या पद्धतीत तुकड्याला वरून आणि खालून, दोन्हीकडून स्नायूंनी धरलेलं असतं. रस्सीखेच बरोबरीत सुटते. शिवाय स्नायूंतून रक्तपुरवठा चालू राहतो आणि हाडाला हाडाशी जुळायला लांबच्या लांब कड मिळते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०२१ साली अशा ६१२ शस्त्रक्रियांचे निकाल छापले. त्यांत सुमारे ९८ टक्के ठिकाणी हाड जुळलेलं होतं. हाड कापण्यात दोष नव्हता. कसं कापायचं आणि त्याला काय चिकटलेलं ठेवायचं, हे कळायला मधली तीस वर्षं गेली.

युरोपात याच काळात आणखी एक विचार चालू होता. नेदरलँड्समधल्या नेमेखनचे स्लोफ आणि त्यांचे सहकारी वाटीची पोकळी दात्याच्या हाडाच्या बारीक तुकड्यांनी भरून, ठोकून घट्ट करत. त्यांचा लेख १९८४चा. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या मंडळींनी हीच रीत मांडीच्या हाडात वापरली आणि १९९३ साली निकाल दिले. हरवलेलं हाड धातूनं भरून काढण्यापेक्षा हाडानंच भरावं, हा त्यामागचा आग्रह. तरुण रुग्णासाठी तो फार मोलाचा आहे, कारण त्याला कदाचित तिसऱ्या शस्त्रक्रियेसाठीही हाड शिल्लक लागणार आहे.

निखळणं आणि शिवणं

आता परिणामांकडे. वाटेवरून शल्यविशारदांमध्ये जे वाद झाले, त्यातला सर्वात मोठा निखळण्यावरून. मागून गेलात तर सांध्याच्या मागचं आवरण आणि छोटे स्नायू कापले जातात. मग रुग्ण खूप खाली वाकला, उकिडवा बसला, पाय आत वळवला, की गोळा मागच्या बाजूनं वाटीबाहेर येण्याची भीती. आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या, भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या समाजात तर ही भीती रोजचीच.

मेयो क्लिनिकच्या वू आणि मॉरी यांनी १९८२ साली १०,५०० खुब्यांचा हिशेब मांडला. मागच्या वाटेनं केलेल्यांत ५.८ टक्के निखळले, पुढून-बाजूनं केलेल्यांत २.३ टक्के. मागच्या वाटेवर शिक्का बसला. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, तुमच्या बाजूच्या वाटेनं माणसं लचकत चालतात त्याचं काय? कारण त्या वाटेत ग्लुटियस मीडियस सोडवावा लागतो, आणि त्याला चालवणारी नस ट्रोकँटरच्या टोकापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर असते.

हा वाद कसा निवळला, ते मला फार बोलकं वाटतं. १९९८ साली पेलिची, बोस्ट्रॉम आणि पॉस यांनी मागच्याच वाटेचे निकाल दिले, पण एक बदल करून. बाहेर पडताना मागचं आवरण आणि छोटे स्नायू हाडाला छिद्रं पाडून नीट शिवून टाकायचे. एका शल्यविशारदाच्या रुग्णांत निखळण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवरून शून्यावर आलं, दुसऱ्याच्या ६.२ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. वाट तीच, फक्त परत येताना दार लावून घेतलं. आधीची पंधरा वर्षं आपण वाटेला नावं ठेवत होतो; दोष बऱ्याच अंशी न शिवण्याचा होता.

फेररोपणात मात्र एवढ्यानं भागत नाही. शिवायला आवरणच उरलेलं नसतं, स्नायू आधीच एकदा कापलेले असतात. मेयो क्लिनिकमध्येच झालेल्या १,५४८ फेररोपणांच्या अभ्यासात, २००२ साली, ७.४ टक्के सांधे निखळले. यावर एक उपाय फ्रान्समधून आला. सेंट-एतियेनचे जिल बुस्के यांनी १९७०च्या दशकात दुहेरी हालचालीचा सांधा केला होता. छोटा धातूचा गोळा एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात फिरतो, आणि तो मोठा गोळा वाटीत फिरतो. निखळायला फार मोठा पल्ला लागतो. फ्रान्सबाहेर या सांध्याकडे कित्येक वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. फेररोपणातल्या निखळण्यानं हैराण झाल्यावर जगानं तो घेतला.

जंतूंची गोष्ट थोडक्यात सांगतो. हॅम्बुर्गच्या बुखोल्झ यांनी सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळायची युक्ती १९७०च्या सुमारास रूढ केली. जंतू शिरलेला सांधा एकाच बैठकीत काढून नवा बसवलेल्या ५८३ रुग्णांचे निकाल त्यांनी १९८१ साली दिले. ७७ टक्के यश. इतरांनी दोन बैठकींची रीत धरली. एकदा काढायचा, काही आठवडे औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवायचा, मग नवा. कोणती बरी, हा वाद अजून चालू आहे. इथे वाटेचा नियम मात्र साधा आहे. सगळं परकं बाहेर काढायचं आहे, तेव्हा पूर्ण उघडा.

मोजणारे देश आणि न मोजणारे

आतापर्यंतचे आकडे मोठमोठ्या रुग्णालयांचे होते. पण तिथे उत्तम हातांचे निकाल दिसतात. सामान्य गावातल्या सामान्य रुग्णालयात काय होतं, ते कसं कळणार?

स्वीडननं १९७९ साली देशभरातल्या खुब्यांच्या शस्त्रक्रियांची नोंदवही सुरू केली. फिनलंड १९८०, नॉर्वे १९८७. कोणत्या रुग्णाला कोणता सांधा, कोणतं सिमेंट, पुन्हा कधी उघडावा लागला, हे सगळं एका ठिकाणी. बोनलॉक नावाच्या एका सिमेंटचे सांधे लवकर सैल होत आहेत, हे १९९०च्या दशकात नॉर्वेच्या नोंदवहीनं दाखवलं, आणि ते सिमेंट बाजारातून गेलं. इंग्लंडमध्ये १९९८ साली एक सांधा सदोष असल्याचं उघड झालं, तेव्हा तो कुणाकुणाला बसवला आहे हे शोधताना सरकारची दमछाक झाली. त्या अनुभवातून २००३ साली तिथली राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली.

या नोंदवह्यांचं खरं मोल कळलं ते एएसआर प्रकरणात. डेप्यू कंपनीचा हा धातूवर धातू फिरणारा सांधा. त्याच्या झिजेतून कोबाल्ट आणि क्रोमियम सांध्याभोवती आणि रक्तात उतरत होतं. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीनं धोक्याची सूचना दिली, २००९च्या शेवटी तो तिथून मागे घेतला गेला, आणि ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून. तोपर्यंत सुमारे ९३ हजार बसवले गेले होते. इंग्लंडच्या नोंदीप्रमाणे पाच वर्षांतच बारा-तेरा टक्के सांधे पुन्हा उघडावे लागले होते. आणि हे फेररोपण साधं नव्हतं. धातूच्या कणांनी तोच ग्लुटियस मीडियस, तेच आवरण पोखरलेलं असे. सांधा बदलता येतो. स्नायू बदलता येत नाही. त्यामुळे वाट कितीही जपून निवडली तरी काही माणसं लचकतच राहिली.

भारतात हा सांधा सुमारे ४,७०० जणांना बसवला गेला. इथे पोलिसांत तक्रार नेणारी यंत्रणा होती आपल्या महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन. केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं २०१८ साली अहवाल दिला, किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण त्याच प्रकरणात एक गोष्ट समोर आली, ती मला भरपाईच्या आकड्यापेक्षा जास्त बोचते. यांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. लोक हयात होते की नाही, दुखत होतं की नाही, कुणाला ठाऊक नाही. शल्यविशारदांच्या संघटनेची एक नोंदवही आपल्याकडे आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल तो भरतो. स्वीडनची ताकद त्यांच्या कौशल्यात जेवढी आहे, तेवढीच प्रत्येक अपयश लिहून ठेवण्यात आहे.

मग कोणती वाट चांगली?

हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो, म्हणून आधीच बोलतो. फेररोपणात वाटांची सरळ तुलना करणं अवघड आहे. कारण वाट चिठ्ठी टाकून निवडलेली नसते. ज्याचा दांडा अडकला आहे, हाड वाकलं आहे, त्याचंच हाड लांब कापलं जातं. ज्याची फक्त प्लास्टिकची वाटी बदलायची आहे, त्याला छोट्या वाटेनं भागतं. मग पहिल्याचे निकाल वाईट आले, तर दोष वाटेचा की मुळात अवघड रुग्णाचा? हे न विचारता आकडे शेजारीशेजारी मांडले तर ते फसवतात. हल्ली पुढच्या वाटेची बरीच जाहिरात होते. ती वाट जुनी आणि चांगली आहे, वाटी बदलायला उपयोगीही पडते. पण मांडीच्या हाडात खोल काम असेल तर तिथून हात पोहोचवणं कठीण जातं.

म्हणून अनुभवी शल्यविशारद क्रम उलटा लावतात. आधी ठरवायचं, काय बाहेर काढायचं आहे. मग, कोणतं हाड आणि कोणता स्नायू शिल्लक आहे. मग, जुना व्रण कुठे आहे. वाट या तिन्हींच्या उत्तरातून येते. आणि ती अशी हवी की आत गेल्यावर अडचण आली तर वाढवता येईल. अमेरिकेत २००५-०६ मध्ये झालेल्या ५१ हजारांहून अधिक फेररोपणांची कारणं पाहिली, तर पहिल्या तीनमध्ये निखळणं २२.५ टक्के, सैल होणं १९.७ टक्के आणि जंतुसंसर्ग १४.८ टक्के. तीन कारणं, आणि तिन्हींच्या गरजा वेगळ्या. एकच वाट सगळ्यांना पुरणार कशी?

एक गोष्ट मात्र सगळ्या नोंदवह्या एकमुखानं सांगतात. दुसरा सांधा पहिल्याइतका टिकत नाही आणि तिसरा दुसऱ्याइतका टिकत नाही. त्यामुळे सर्वात चांगलं फेररोपण म्हणजे जे करावंच लागलं नाही ते. पहिल्या वेळचा सांधा कोणता, तो किती जपून बसवला, कोणता स्नायू वाचवला, याचा हिशेब वीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर होतो.

शेवटी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरात खुबा किंवा गुडघा बदललेला माणूस आहे, त्यांना एक घरचं काम देतो. बसवलेल्या सांध्याच्या डब्यावर कंपनी, आकार आणि क्रमांकाचे स्टिकर असतात. ते केसपेपरला चिकटवतात. त्यांची आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागून घ्या, आणि रेशनकार्ड, सातबारा ज्या फाइलमध्ये ठेवता, त्याच फाइलमध्ये ती ठेवा. पंधरा वर्षांनी तो खुबा उघडायची वेळ आली, तर समोरच्या डॉक्टरला आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा आहे आणि पूर्वी कोणत्या वाटेनं गेले होते, हे त्या दोन कागदांवरून कळेल. नाहीतर त्याला एक्स-रे बघून अंदाज करत बसावं लागतं, आणि काही वेळा आत गेल्यावर कळतं की लागणारं हत्यार खोलीत नाही. राइटिंग्टनच्या रुग्णांनी आपला सांधाच परत द्यायचं कबूल केलं होतं. आपण निदान त्याचा कागद जपू.